खरं बोलणं घरात परवडलं पाहिजे

नाशिकरोडच्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: दहा वर्षांच्या मुलाने शब्बाथशाळेच्या (मंडळीतल्या मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाच्या) नाताळ कार्यक्रमासाठी गोळा केलेल्या वर्गणीतले ३०० रुपये खर्च केले. दोनदा विचारल्यावर "मी नाही घेतले" म्हणाला, तिसऱ्यांदा बहिणीवर ढकललं, शेवटी रडत कबूल केलं. वडील म्हणतात, दोन ठेवून द्या, नीतिसूत्रांत छडी सांगितलीच आहे. आजी म्हणतात, लेकरू आहे, प्रभू क्षमा करतो तर आपण कोण. त्याच आठवड्यात नववीतल्या मुलीच्या दप्तरात घटक चाचणीचा गणिताचा पेपर सापडला. वीसपैकी सात, आणि खाली आईची हुबेहूब सही. "आम्ही रोज प्रार्थनेला बसतो, मग हे कुठून आलं? आता कृपा दाखवायची की शिस्त लावायची?"

ताई, जय ख्रिस्त. शेवटच्या वाक्यातला तो "की" आधी काढून टाकूया. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम आणि हव्वेला बागेबाहेर जावं लागलं, आणि जाण्याआधी देवानेच त्यांना चामड्याची वस्त्रं करून घातली. परिणाम टळला नाही, पण त्यांना उघडं घालवूनही दिलं नाही. दोन्ही एकाच हाताने झालं. आपण घरात हेच दोन माणसांत वाटून टाकतो: पप्पांकडे शिक्षा, आजीकडे माया. मूल मग दोघांमधली फट बरोबर शोधतं.

खोटं बोलताना मूल मनात एक हिशेब करतं. खरं सांगितलं तर काय पडेल, खोटं खपलं तर काय वाचेल? तुमच्या मुलाला पहिल्यांदा विचारलं तेव्हा खऱ्याची किंमत होती पप्पांचा मार, पंधरा दिवसांची बोलणी आणि रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, खाली घातलेली मान. खोटं पकडलं गेलं असतं तरी किंमत साधारण तेवढीच. खपलं असतं तर काहीच नाही. असा सौदा समोर ठेवला तर दहा वर्षांचं डोकं खोटंच निवडणार, रोज प्रार्थनेला बसत असलं तरी. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: घरात खरं बोलणं परवडलं पाहिजे. फुकट नको, पण परवडेल इतकं.

हे मऊ मनाच्या लोकांनी आज काढलेलं नाही, नियमशास्त्रातच, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतच आहे. निर्गम २२ मध्ये चोरलेलं जनावर चोराजवळ जिवंत सापडलं तर त्याने दुप्पट भरायचं. लेवीय ६ मध्ये मात्र ज्याने दुसऱ्याची वस्तू दाबून ठेवली, वर खोटी शपथही घेतली, पण पुढे आपला दोष ओळखून ती परत आणली, त्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. शंभराच्या चोरीत पकडला गेलेला दोनशे भरतो, परत घेऊन येणारा एकशेवीस. परत येण्याची वाट मुद्दाम स्वस्त ठेवली आहे. घरात मुलांना लावायला तो कायदा नाही, पण प्रमाण घेण्यासारखं आहे.

आता मुलाचं. काल-परवा जे बोलणं झालं ते रागात झालं, त्यामुळे एकदा नीट बसावं लागेल. राग आला त्या क्षणी बसू नका. वीस मिनिटं तरी जाऊ द्या, चहा घ्या, गच्चीवर एक फेरी मारा. पण दिवस ओलांडू नका. "तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये" हे इफिसकरांस पत्रातलं वचन नवरा-बायकोपुरतं नाही. आजी, बहीण, टीव्ही आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. समोरासमोर बसू नका, पोलीस चौकीसारखं होतं. दिवाणावर त्याच्या शेजारी बसा, वर्गणीचं पाकीट मध्ये ठेवा. या वयात दहा-बारा मिनिटं पुरतात. त्यापुढे मूल ऐकायचं थांबतं, आपण मात्र बोलत राहतो.

जे माहीत आहे ते विचारायचं नाही. "तू घेतलेस का?" हा प्रश्न उत्तर ठाऊक असताना विचारला तर तो सापळा असतो, आणि तुम्ही तो तीनदा लावला. देवानेही आदामाला "तू कोठे आहेस?" असं विचारलं होतं, पण ती लपलेल्याला मारलेली हाक होती. तुम्ही सरळ सांगा: "पाकिटात ३०० कमी आहेत. ते तुझ्या हातून खर्च झाले, हे मला माहीत आहे. मी ओरडणार नाहीये. आपण हे भरून काढणार आहोत. कशावर गेले ते सांग." शेवटचा प्रश्न नीट ऐका: "का घेतलेस?" नाही, "कशावर गेले?" 'का' विचारलं की मूल कारण बनवतं, आणि ते दुसरं खोटं ठरतं. 'कशावर' विचारलं की वस्तू कळते, आणि वस्तूमागे बहुतेक वेळा खरी गोष्ट असते. मोबाइलमधल्या खेळावर गेले असतील तर तुमच्या फोनचा पासवर्ड त्याच्याकडे आहे. रोज मित्रांना वडापाव खाऊ घातला असेल तर मुलगा पैशाने मैत्री विकत घेतोय, त्याला एकटं वाटतंय. एखाद्या मोठ्या मुलाने दमदाटी करून काढून घेतले असतील तर तो चोरच नाही. या तिन्हींचं पुढचं काम वेगवेगळं आहे, आणि मारलं असतं तर तिन्हींतलं एकही कळलं नसतं.

पैशाचा हिशेब असा. मुद्दल ३००, वर पाचवा हिस्सा ६०, एकूण ३६०. वर्गणीचे ३०० रुपये तुम्ही या रविवारीच भरून टाका, मंडळीचे पैसे मुलाच्या हप्त्यांवर थांबवू नयेत. मग मूल तुमचं देणेकरी होतं. आठवड्याला ४० रुपये खाऊला देत असाल तर ३० कापा, १० हातात राहू द्या. सगळेच कापले तर पुन्हा पाकिटाकडे हात जाईल. आठ आठवड्यांत २४० होतात. त्याहून लांबवू नका. त्यानंतर मुलाला चूक आठवत नाही, कर्ज तेवढं आठवतं. ६० रुपये जादा कामातून: पप्पांची गाडी चार वेळा धुणं, रद्दी बांधून रद्दीवाल्याकडे नेणं. रोजची कामं, म्हणजे ताट उचलणं, पाणी भरणं, यांना कधीही पैसे लावू नका. ती घरात राहणाऱ्या प्रत्येकाचीच असतात. एक दोनशेपानी वही करा, दर रविवारी तारीख, रक्कम, त्याची सही, पप्पांची सही.

वरचे ६० उरतात. आठव्या रविवारी ते पप्पांनी स्वतःच्या खिशातून काढून, मुलाच्या डोळ्यांसमोर मोजून भरायचे, वहीत लिहायचं "फिटलं", आणि खाली सही करायची. आधी अजिबात सांगायचं नाही. आधी सांगितलेली माफी ही सूट असते, दिवाळी सेलसारखी. आणि "जा, माफ केलं" असं नुसतं तोंडाने म्हणण्यात मूल एक मोठी गोष्ट गमावतं: माफी कुणाच्या तरी खिशातून जाते. वधस्तंभावर काय झालं हे दहा वर्षांच्या मुलाला शब्दांनी सांगणं फार अवघड आहे. पप्पांच्या पाकिटातून निघालेल्या सहा दहाच्या नोटा त्याला कळतात. त्या वेळी प्रवचन देऊ नका. नोटा पुरेशा आहेत.

बहिणीवर ढकललं ते खातं वेगळं. तिच्याकडे नुसतं "सॉरी" पुरत नाही. तिच्या वाट्याचं एखादं काम, गॅलरी झाडणं म्हणा, त्याने आठवडाभर करावं. आणि तिने लगेच माफ केलंच पाहिजे अशी सक्ती तुम्ही करू नका.

रविवारी शब्बाथशाळेच्या शिक्षिकांना आधी फोन करून ठेवा: आम्ही उपासनेनंतर येतोय, तो एक वाक्य बोलेल, कृपया वर्गात वाच्यता नको. मग त्याने स्वतः पाकीट द्यायचं आणि म्हणायचं, "बाई, यातले तीनशे मी खर्च केले होते, आता भरलेत." तुम्ही शेजारी उभ्या राहा, पण त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. जीभ अडखळली तर थांबा. वर्गासमोर उभं करून माफी मागायला लावणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे, तिने मूल पश्चात्ताप शिकत नाही, लोकांचे चेहरे वाचायला शिकतं. येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कय या जकातदाराची गोष्ट लूक १९ मध्ये पुन्हा वाचा, क्रम बघा. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, चौपट परत देण्याचं बोलणं त्यानंतर जक्कय स्वतःहून काढतो. झाडावरून खाली उतरायच्या आधी येशूने त्याच्याकडून यादी मागितली नव्हती.

विश्वास परत देण्याचीही तारीख ठरवा. "आता तुझ्यावर कधीच विश्वास ठेवणार नाही" हे वाक्य मुलासाठी सुटका असते, कारण मग त्याला काही कमवायचंच उरत नाही. चार आठवडे दुसऱ्याचे पैसे एकट्याने हाताळायचे नाहीत. पाचव्या आठवड्यापासून पन्नासची नोट देऊन ब्रेड आणायला पाठवा, उरलेले पैसे आणि बिल टेबलावर. दोन महिन्यांनी पुन्हा एखाद्या छोट्या वर्गणीची जबाबदारी त्याच्याकडेच द्या. पेत्र या शिष्याने येशूची ओळख तीनदा नाकारली, योहान २१ मध्ये येशूने त्याला "माझ्यावर प्रीती करतोस का?" असं तीनदा विचारलं आणि तीनही वेळा कळप सांभाळायचं काम हातात दिलं. त्याही आधी, किनाऱ्यावर विस्तवावर मासे भाजलेले होते आणि भाकर होती. आधी न्याहारी झाली. म्हणून त्या रात्री जेवण कधीही अडवू नका, आणि रोजच्यासारखंच वाढा.

एकदा फिटलं की ते पुन्हा उकरायचं नाही. पुढच्या महिन्यात पाहुण्यांसमोर "आमचा चिंटू, पैशाचं जरा सांभाळूनच" हे हसत म्हटलेलं एक वाक्य आठ आठवड्यांचं काम धुऊन टाकतं.

छडीबद्दल. तुमच्या यजमानांनी वचन खोटं सांगितलेलं नाही. नीतिसूत्रे १३:२४ मध्ये छडी आवरणारा मुलाचा वैरी म्हटला आहे. पण त्या वचनात जो इब्री शब्द आहे, 'शेबेट', तोच २३व्या स्तोत्रात मेंढपाळाच्या हातात आहे, आणि तिथे तो धीर देतो. मेंढपाळ ती काठी वाट दाखवायला आणि लांडग्याला हाकलायला वापरतो. मेंढराच्या पाठीवर वळ उठवणारा मेंढपाळ फार दिवस मेंढपाळ राहत नाही. आणि बापांना उद्देशून नव्या करारात जे थेट सांगितलंय ते बघा: इफिसकरांस आणि कलस्सैकरांस, दोन्ही पत्रांत, "आपल्या मुलांना चिरडीस आणू नका". कलस्सैकरांस पत्रात पुढे कारणही आहे, ती खिन्न होतील. 'चिरडीस आणणं' हा शब्द जुन्या मराठीचा, पण फार नेमका आहे. मूल रडत नाही, उलट बोलत नाही, नुसतं आत घट्ट होतं. मार खाल्लेल्या मुलाच्या चेहऱ्यावर हेच दिसतं, आणि आपण त्याला "वळण लागलं" म्हणतो. शाळेत मारणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदच आहे. शिक्षकाला जे करता येत नाही ते बापाने का करावं? माझं मत स्पष्ट आहे: मारू नका. यजमानांना काम हवं असेल तर ती वही त्यांच्याकडे द्या. आठ रविवार न चुकता वही उघडणं हे दोन फटक्यांपेक्षा फार कठीण आहे, आणि शिस्त तीच.

सासूबाईंना दुखवू नका, त्यांचं अर्धं बरोबर आहे. फक्त "जाऊ दे, लहान आहे" ही कृपा नव्हे, ते झाकणं आहे. कृपा चुकीचं नाव घेते आणि मग माफ करते. आणि एक व्यवहारातला धोका: आजी गुपचूप बटव्यातून ३०० काढून नातवाच्या हातात ठेवतील. हे जवळजवळ ठरलेलं आहे. म्हणून आधीच बोला: "आई, क्षमा करायचीच आहे, तुमचं खरंय. फक्त पैसे त्याचे त्याला भरू द्या. तुम्ही त्याला तुमच्या लहानपणी कुणी तुम्हाला कसं सांभाळून घेतलं, ते सांगा ना." आजीला काम मिळालं की त्या आड येत नाहीत, आणि ती गोष्ट मुलाच्या डोक्यात वहीइतकीच राहते.

आता थोडं कडू. मुलं खोटं बोलायला घरीच शिकतात, आणि तेही आपल्या समोर. विम्यावाल्याचा फोन आला की "सांग, पप्पा बाहेर गेलेत." एसटीत बारा पूर्ण झालेल्या मुलाचं वय अकरा, अर्ध्या तिकिटासाठी. लग्नाला गेलो आणि शाळेला चिठ्ठी, "ताप होता". पाळकसाहेबांना "येतोच मंगळवारी घरप्रार्थनेला" म्हणायचं आणि गाडीत बसल्यावर "कोण जातंय". यातलं प्रत्येक पाच-पन्नास रुपयांचं किंवा पाच मिनिटांचं असतं, म्हणून आपल्याला दिसत नाही. मुलाला दिसतं, कारण बऱ्याचदा ते खोटं बोलायला आपण त्यालाच पुढे करतो. सात दिवस दोघांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मुलांसमोर बोललेल्या प्रत्येक खोट्यासाठी त्या तारखेच्या चौकोनात एक टिंब द्या. स्पष्टीकरण नको, फक्त टिंब. आठव्या दिवशी मोजा. हे केलं तर पुढच्या वेळी मुलाशी बसताना तुमचा आवाज आपोआप खाली येईल.

आणि जे चुकलं ते मुलाकडे कबूल करा. बापाने मुलाची माफी मागितली की वचक जातो अशी आपल्याकडे भीती असते. जातो तो धाक. शब्दाला वजन येतं. माफीचे चार तुकडे असतात: काय केलं ते नाव घेऊन, त्याने तुला काय झालं असेल ते, पुढे काय करीन ते, आणि मग क्षमा मागणं. उदाहरणार्थ: "परवा मी तुझं पूर्ण न ऐकता तुला चोर म्हणालो. तुला ते फार लागलं असेल. पुढच्या वेळी आधी ऐकीन. मला क्षमा करशील?" यात "पण" आला की माफी संपते. "मी ओरडलो, पण तूच तसं वागलास" यात मुलाला फक्त दुसरा अर्धा भाग ऐकू येतो. आणि त्याने "नाही" म्हटलं, किंवा गप्प बसला, तर "ठीक आहे, मी थांबतो" म्हणून उठा.

घरची प्रार्थना. तुम्ही रोज बसता, हे मोलाचं आहे. पण बसण्यात काय घडतं ते पाहा. "प्रभू, आमच्या मुलाला खोटेपणाच्या आत्म्यापासून सोडव" अशी मुलाच्या शेजारी मोठ्याने केलेली प्रार्थना देवाला नसते, मुलाला असते, आणि मुलाला ते कळतं. एक-दोनदा असं झालं की त्याच्यासाठी प्रार्थना म्हणजे उलट उत्तर देता येत नाही अशी बोलणी. "येशू सगळं बघतोय" हेही धमकी म्हणून वापरू नका. त्याचा कॅमेरा होतो, मित्र होत नाही. हनन्या आणि सप्पीरा, म्हणजे पैशाबद्दल खोटं बोलून जागीच मेलेलं जोडपं, यांची गोष्ट लहान मुलांना झोपताना सांगू नका. एवढ्या लहान वयात त्यातून एकच अर्थ लागतो: खोटं बोललो तर देव मारून टाकेल. मग खोटं बोलल्यावर ते कबूल करण्याची सोयच उरत नाही.

बारा मिनिटांची प्रार्थना पुरते. एक छोटा उतारा, एक गीत, मग प्रत्येकाने एक वाक्य: आज मला काय जमलं नाही. सुरुवात पप्पांनी करायची, आणि खरं सांगायचं. "आज ऑफिसात साहेबांसमोर मी दुसऱ्याचं काम माझं म्हणून सांगितलं." मुलांनी काही सांगितलं तर त्या बैठकीत कुणी दुरुस्ती करायची नाही, "बघ, मी म्हटलं नव्हतं" नाही, आणि तिथे सांगितलेल्या छोट्या चुकीची दुसऱ्या दिवशी शिक्षा नाही. पहिले दोन आठवडे मुलं "आज काही नाही" म्हणतील. चालू द्या. मोठी मुलगी गप्प बसली तरी चालेल. दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीत आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या, वयात मुलांना प्रश्न पडतात, देव ऐकतो का, मग अमक्या मावशी का गेल्या. ८८वं स्तोत्र तिला वाचायला द्या. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठे उजेड नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवासमोर खोटा उत्साह दाखवायची गरज नाही, हे तिला तिथून कळेल.

यातच आपल्या नाशिकमधल्या ख्रिस्ती घरांत हमखास होणारी एक गोष्ट सांगते, कारण इथे मुलं सगळ्यात जास्त खोटं बोलतात: प्रसाद. सोसायटीचा गणपती, मित्राच्या घरची सत्यनारायणाची पूजा, हातावर ठेवलेला शिरा. मूल खातं, आणि घरी "नाही खाल्ला" सांगतं. मंडळ्यांमध्ये आणि घराघरांत याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात मूर्तीच्या नैवेद्यावर आठव्या आणि दहाव्या अध्यायात सविस्तर लिहिलंय ते नवरा-बायकोने मिळून वाचा, आणि घरचा नियम एकच ठरवा. नियम काहीही असो, एक कलम जोडा: खाल्लं असेल तर येऊन सांगायचं, सांगितल्याबद्दल बोलणी बसणार नाहीत. न खाण्याचा नियम असेल तर नम्रपणे नाही म्हणायचं वाक्यही शिकवा: "काकू, आमच्याकडे चालत नाही, पण तुमच्याकडे बसायला आवडेल." वाक्य न शिकवता नुसती बंदी घातली की मूल मित्राच्या घरी एक आणि आपल्या घरी दुसरं, असं दोन चेहऱ्यांनी जगायला लागतं. आणि शेजाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल घरात हिणकस बोलू नका. कुंभमेळ्यात रामकुंडावर लोटलेली गर्दी पाहून मुलाने विचारलं, तर ते काय मानतात ते त्यांना पटेल अशा शब्दांत सांगा, आणि मग आपण काय मानतो ते. नवव्या आज्ञेतलं "खोटी साक्ष" शेजाऱ्याच्या धर्मालाही लागू आहे.

"तुम्ही कधी कन्व्हर्ट झालात?" असं शाळेत कुणी विचारलं की मुलं गांगरतात. घरची खरी हकिगत सांगून ठेवा. कुणाचे पूर्वज वचन ऐकून आले, कुणाचे दुष्काळात आसऱ्याला आले, कुणी जातीच्या जाचातून आले, आणि बऱ्याचदा यातलं सगळंच एकत्र होतं. रंगवू नका, लाजूही नका. शरणपूर रोडवरून जाताना सांगा की एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनच्या वस्तीत राहिली, शिकली. शरण आलेल्यांचं गाव, म्हणून शरणपूर हे नाव शोभतं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेक, लक्ष्मीबाई टिळक, यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात नवऱ्याचा तापटपणा, स्वतःची सोवळ्याओवळ्याची आडमुठी बाजू आणि १८९५ मध्ये त्यांनी, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, बाप्तिस्मा घेतल्यावर झालेली ताटातूट, काहीच लपवलं नाही, आणि तरी त्यात कुणाबद्दल कडवटपणा नाही. घरच्या माणसांबद्दल खरं आणि मायेनं कसं बोलावं, ते मोठ्या मुलीला तिथे दिसेल.

एका बाबतीत वरचं काहीच लागू नाही. मुलाने कुणी अंगाला नको तसा हात लावल्याचं सांगितलं, मग तो नातेवाईक असो, शिकवणीचा सर असो की मंडळीतला कुणी, तर तिथे "क्षमा कर" हा शब्द उच्चारायचा नाही, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचनही द्यायचं नाही. शांतपणे ऐका, "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही" म्हणा, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवा, मदतीसाठी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकावर फोन करा. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना हे कळवणं बंधनकारक आहे, दडवणं हाच गुन्हा आहे. मंडळीचं नाव जाईल म्हणून झाकण्याला कृपा म्हणणं हे कृपेचं नाव खराब करणं आहे.

मुलाच्या पैशाच्या गडबडीत मुलीचा पेपर मागे पडू देऊ नका. पण दोघांचं एकाच संध्याकाळी काढू नका, आणि तिच्याशी तुम्ही एकट्याच बोला. तिला माहीत असलेलं तुम्हाला माहीत आहे, तेवढं सांगा: "पेपर पाहिला. सहीही पाहिली." मग गप्प बसा. चौदाव्या वर्षी गप्प बसणं उपयोगी पडतं. ती रडेल किंवा "माझं दप्तर का उघडलं?" म्हणेल. दुसरं म्हणाली तर तिचं खरं आहे, तेवढी माफी मागा. दप्तर तपासायची वेळ आली तर तिच्या देखत तपासायचं, हा नियम तुमच्यावर. या वयात मूल काही गोष्टी स्वतःपाशी ठेवतं, ते खोटं नव्हे. सही मात्र खोटी आहे, आणि ती तशीच ठेवता येणार नाही.

शाळेपुढे तिच्यासाठी खोटं बोलू नका. "हो हो, मीच केली होती" हे आईचं वाक्य मुलीला वाचवत नाही, तिच्यासोबत तुम्हाला ओढतं. डायरीत दोन ओळी लिहा: "पेपरवरची सही माझी नव्हती. पेपर आज पाहिला, पुढचे पेपर मी स्वतः पाहीन." ती डायरी तिनेच वर्गशिक्षिकांना द्यायची. त्या आधी त्यांच्याशी फोनवर बोलून घ्यायला हरकत नाही.

मग पेपर मध्ये घेऊन बसा. गेलेले तेरा गुण तीन ढिगांत वाटा: रीतच आली नाही ते, रीत आली पण आकडेमोड चुकली ते, आणि वेळ संपला म्हणून सोडलेले. बऱ्याचदा पहिला ढीग वाटतो त्यापेक्षा लहान निघतो. त्यातलं एक गणित तिला समोर सोडवायला सांगा, एकच. आणि "सात पडले तेव्हा आम्हाला सांगायची भीती का वाटली?" हे विचारायचं असेल तर ते आता, पेन हातात असताना, दोघींची नजर कागदावर असताना विचारा. ती जे सांगेल ते खोडू नका. तिची सही खोडू नका. तिच्या खाली तुमची खरी सही करा, आजची तारीख घाला, आणि पेपर तिच्या हातात द्या.